उंचावलेली जीप आणि ठेंगणा कायदा

श्रीनगर येथील एका न्यायालयाने २०२३ साली एका ‘थार’ गाडीच्या मालकास सहा महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा ठोठावली. गाडीच्या मूळ स्वरूपात त्याने बेकायदा बदल केले, हा त्याचा अपराध. पूर्वीचा कोणताही गुन्हा नावावर नसल्याने त्यास परिवीक्षेचा लाभ मिळाला आणि सद्वर्तनाच्या हमीवर तुरुंगवास टळला. तथापि गाडीवरील सर्व बदल काढून ती नोंदणीपत्रानुसार पूर्ववत करावी, असा आदेश परिवहन खात्यास देण्यात आला. ही बातमी देशभर चवीने वाचली गेली. असा कायदा अस्तित्वात आहे, हेच अनेक गाडीमालकांना त्या दिवशी प्रथम कळले असावे. कारण ज्या जातीच्या बदलांबद्दल श्रीनगरात शिक्षा झाली, ते बदल पुण्यात, नाशकात आणि मुंबईच्या उपनगरांत गॅरेजवर पाटी लावून उघडपणे करून दिले जातात.

या बदलांपैकी सर्वांत लोकप्रिय जोडी म्हणजे मोठे टायर आणि उंचावलेले सस्पेन्शन. जुनी जीप, जिप्सी किंवा २०१० साली बाजारात आलेली पहिली थार घ्यायची, तिला मूळच्यापेक्षा दोन-चार बोटे उंच आणि रुंद टायर चढवायचे, ते चाकाच्या कमानीला घासू नयेत म्हणून गाडीचा सांगाडा वर उचलायचा, असा हा क्रम. नव्या गाड्यांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने जुन्या गाडीकडे वळणारा तरुण या छंदात पुष्कळ दिसतो. शिवाय जुन्या गाडीची रचना साधी असते. तिला पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, नट-बोल्ट उघडे असतात, आणि मेस्त्रीला संगणकाशी झुंजावे लागत नाही. त्यामुळे जे काम कारखान्यात अभियंत्यांच्या पथकाला काही वर्षे लागते ते येथे दोन दिवसांत उरकते. किती धोका पत्करून, हा प्रश्न मात्र गिऱ्हाईकही विचारीत नाही आणि मेस्त्रीही सांगत नाही.

महाराष्ट्राला जीपचा परिचय जुना आहे. महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या अमेरिकन जीपगाड्या आणि त्यापाठोपाठ महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत जोडण्यास सुरुवात केलेल्या जीपगाड्या यांनी स्वातंत्र्योत्तर काळातील ग्रामीण प्रशासन अक्षरशः चालते ठेवले. गटविकास अधिकारी, वनखाते, पाटबंधाऱ्याचे अभियंते, निवडणुकीचे उमेदवार या सर्वांची स्वारी जीपमधूनच निघे. पुढे पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात त्या प्रवासी वाहतुकीत याच गाड्या उतरल्या. वडापवाल्यांनी सस्पेन्शनमध्ये हात घालण्याची विद्या फार पूर्वी आत्मसात केली होती. दहा जणांच्या गाडीत वीस जण बसवायचे, तर मागची बाजू टेकू नये म्हणून स्प्रिंगेत एक-दोन पाटे वाढवायचे, हा त्यांचा साधा उपाय. त्याला कोणी ‘मॉडिफिकेशन’ म्हटले नाही आणि त्याबद्दल कोणाला कैद झाल्याचेही ऐकिवात नाही. जे गरिबाच्या पोटासाठी चालले त्याकडे सरकारने काणाडोळा केला. आज जे हौसेसाठी चालले आहे त्याकडेही तो तसाच चालू आहे. या बाबतीत तरी खात्याने वर्गभेद केला, असा आरोप करता येणार नाही.

धोका नेमका कोठे आहे, हे समजण्यासाठी थोडे गणित अपरिहार्य आहे. पहिल्या थारच्या डिझेल गाडीस कारखान्यातून २३५/७० आर १६ या मापाचे टायर येत. या आकड्यांवरून चाकाचा व्यास काढला तर तो सुमारे ७३५ मिलिमीटर भरतो. हौशी मंडळींचे एक आवडते माप आहे २६५/७५ आर १६. त्याचा व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर होतो. म्हणजे चाक जवळपास सात सेंटिमीटरने वाढले आणि परीघ नऊ टक्क्यांहून अधिक वाढला. गाडीचा वेगदर्शक काटा चाकाच्या फेऱ्यांवर चालतो, रस्त्यावर कापलेल्या अंतरावर नव्हे. साहजिकच काटा ८० दाखवीत असतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ८७ किलोमीटरच्या वेगाने धावत असते. आपण मर्यादेत आहोत अशा समजुतीने चालक गाडी हाकत असतो आणि रस्त्यावरील कॅमेरा त्याला दंडाची पावती पाठवितो. ही झाली त्यातल्या त्यात निरुपद्रवी फसगत.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ पकड घेतो आणि गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्या घर्षणाने. चाकाची त्रिज्या वाढली म्हणजे ब्रेकला विरोध करणारी तरफ लांबते. पायाचा दाब तेवढाच असताना रस्त्यावर उमटणारे रोधक बल वरील उदाहरणात सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटते. शिवाय मोठा टायर जड असतो आणि फिरते जड चाक थांबविण्यास जास्त शक्ती खर्चावी लागते. जुन्या थारच्या सुरुवातीच्या गाड्यांत चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा नव्हती, एअरबॅगही नव्हत्या. त्याआधीच्या जीपगाड्यांचे ब्रेक तर त्यांच्या मूळच्या टायरांनाही जेमतेम पुरत. कसारा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना ही साडेआठ टक्क्यांची तूट कागदावरची राहत नाही. इंजिनाच्या आधाराने उतरावे म्हटले, तर मोठ्या चाकांमुळे प्रत्येक गियर मूळच्यापेक्षा ‘लांब’ झालेला असतो आणि तो आधारही तितकाच क्षीण होतो.

टायर बदलणे हे परत फिरविता येण्याजोगे काम आहे. सस्पेन्शन उचलण्याचे काम त्याहून नाजूक, आणि नेमके तेच सर्वांत बेफिकिरीने केले जाते. पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या जुन्या जीपमध्ये पाटे आसाच्या खाली असतात. ते आसाच्या वर बसविले की गाडी एका फटक्यात पाच-सहा इंच उंच होते. काही जण पाट्यांच्या टोकाशी लांब शॅकल लावतात, काही ठोकळे घालतात. पहिल्या थारच्या पुढच्या बाजूस पाट्यांऐवजी पीळ देऊन काम करणारी टॉर्शन बार आहे. तेथे बोल्ट आवळून पीळ वाढविला की पुढची बाजू वर येते. किल्लीचे चार आटे, दहा मिनिटांचे काम. परंतु सस्पेन्शन हा गाडीचा सुटा अवयव नव्हे. सांगाडा वर गेला की इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणारा दांडा अधिक तिरका होतो आणि त्याचे सांधे भराभर झिजू लागतात. स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडतात. खड्ड्यातून जाताना चाक आपोआप एका बाजूस ओढते. चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळ्यांना ताण बसतो, कारण त्यांची लांबी जुन्या उंचीसाठी बेतलेली असते. हे सर्व दोष गॅरेजच्या सपाट फरशीवर दिसत नाहीत. ते दिसतात तेव्हा गाडी कोठेतरी वळणावर असते.

सर्वांत मोठा दोष मात्र कोणत्याही सुट्या भागात नाही, तो उंचीतच आहे. एखादे वाहन किती सहजपणे कलंडेल याचा ढोबळ अंदाज घेण्याची एक पद्धत आहे. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. येणारा आकडा जितका लहान तितका धोका मोठा. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्था २००१ सालापासून गाड्यांचे कलंडण्याबाबतचे गुणांकन या आकड्याच्या आधारे करते. साध्या मोटारींचा आकडा बहुधा १.३० ते १.५० यांच्या दरम्यान असतो. उंच गाड्यांचा १.०० ते १.३०. आता उदाहरणादाखल १४० सेंटिमीटर अंतराची आणि ७० सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य असलेली गाडी घेतली, तर तिचा आकडा बरोबर १ येतो. टायर आणि लिफ्ट यांनी मिळून गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटरने वर नेला की तो ०.९ पर्यंत घसरतो. छपरावर लोखंडी कॅरियर, त्यावर तंबू आणि स्टेपनी चढविली की आणखी घसरण. जुन्या सीजे-३बी जातीच्या जीपमध्ये तर चाकांमधील अंतर मुळातच सव्वा मीटरच्या आसपास आहे. अशी अरुंद गाडी उंच करणे म्हणजे स्टुलावर स्टूल ठेवून वर उभे राहण्यासारखे आहे. चिखलात ताशी दहा किलोमीटरने चालताना ते खपते. महामार्गावर आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकविताना नाही.

उंच गाडी आणि टायर यांचा संबंध किती घातक ठरू शकतो, याचा धडा जगाने २०००च्या सुमारास घेतला. त्या वर्षी अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतील पुष्कळसे फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर या उंच गाडीवर बसविलेले होते. टायरचा थर सुटे, गाडी बेलगाम होई आणि उंचीमुळे कलंडे; दोनशेहून अधिक बळींचा संबंध या प्रकरणाशी जोडला गेला. टायरचा दोष की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत जाहीर भांडण जुंपले आणि त्यांची जवळपास शंभर वर्षांची जोडी तुटली. अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी टायर व वाहनांतील दोषांची माहिती सरकारला देणे बंधनकारक करणारा कायदा केला. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, ही गाडी कारखान्यातून चाचण्या होऊनच बाहेर पडली होती. चाचणीच न झालेल्या गाडीबद्दल वेगळे काय सांगावे?

मालक आपल्या जिवावर उदार होत असेल तर होवो, असे म्हणणारे काही स्वातंत्र्यवादी भेटतात. रस्ता एकट्याचा असता तर हा युक्तिवाद मान्य करता आला असता. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के आणि पायी चालणाऱ्यांचे साडेएकोणीस टक्के होते. म्हणजे मरणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या भोवती पत्र्याचे कवचही नव्हते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या गाडीचे नाक एक मीटरहून उंच असते ती पादचाऱ्यास धडकली तर तो दगावण्याची शक्यता, बुटक्या व उतरत्या नाकाच्या गाडीच्या मानाने, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. बुटकी गाडी पायांवर आदळते, उंच गाडी छातीवर व डोक्यावर. तिच्या नाकासमोरून जाणारे शाळकरी मूल चालकाला दिसतही नाही. दिव्यांचा त्रास तर रोजचाच आहे. गाडी वर गेली, दिव्यांचा रोख मात्र खाली आणला नाही, की समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. इतक्या लोकांच्या सुरक्षिततेशी ज्याचा संबंध आहे ती खासगी हौस राहत नाही, आणि म्हणूनच येथे कायद्याचा विचार करावा लागतो.

कायदा आहे, आणि तो वरकरणी कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. हे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने आले. ‘बदल’ म्हणजे काय याचा खुलासाही कलमात आहे: वाहनाच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या आधारे या कलमाचा काहीसा सैल अर्थ लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द ठरविला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे वाहन नोंदता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२-अ घातले. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उत्पादक, आयातदार आणि विक्रेता यांना एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड. ‘डीलर’ या शब्दाच्या व्याख्येत मोटार दुरुस्त करणाराही समाविष्ट आहे, हे गॅरेजवाल्यांपैकी कितीजणांना माहीत असेल? शब्दशः पाहता, स्प्रिंगेखाली ठोकळा सरकविणारा मेस्त्री मालकाहून मोठ्या शिक्षेस पात्र ठरू शकतो.

इतकी शस्त्रे हाती असूनही कायदा का चालत नाही? पहिले कारण त्याच्या रचनेतच आहे. तुलना करावयाची ती नोंदणीपत्राशी; पण खासगी मोटारीच्या नोंदणीपत्रात टायरचे माप नसते. ते नोंदविण्याची तरतूद आहे ती मुख्यतः व्यापारी वाहतुकीच्या वाहनांसाठी. गाडीची जमिनीपासूनची उंची तर तेथे कोणाचीच नसते. परिवहन कार्यालयातील निरीक्षकाने गाडीभोवती फेरी मारली तरी चाक मूळचे आहे की वाढविलेले, हे ठरविण्यासाठी त्याच्या हातातील कागदावर आकडाच नाही. तेव्हा निर्णय नजरेने होतो, आणि जो निर्णय नजरेने होतो तो नजरेआडही करता येतो. दुसरे कारण म्हणजे मोहिमांची सवय. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटारींच्या पुढे लावलेल्या लोखंडी गार्डांविरुद्ध राज्यांना पत्र लिहिले. काही दिवस चौकाचौकांत गार्ड उतरले, पावत्या फाटल्या, मग ते परत चढले.

तिसरी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, फक्त कागदावर नाही. खासगी गाडीस पंधरा वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणी होते, आणि हे पासिंग दर पाच वर्षांनी करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. जुन्या जीपचा मालक या दिवसाची तयारी नीट करतो. माळ्यावर टाकलेले मूळचे टायर खाली येतात, नसतील तर मित्राच्या गाडीचे येतात. टॉर्शन बारचे आटे सैल होतात. गाडी सोज्वळ चेहऱ्याने कार्यालयात जाते, शिक्का मिळवते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उंच होते. शुल्क आठपटीहून अधिक वाढले, तपासणी मात्र होती तेथेच राहिली.

आता याच गाडीच्या इतिहासातील दुसरी बाजू पाहावी. थारची नवी आवृत्ती २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. तिच्या वरच्या श्रेणीतील गाड्यांना कारखान्यातूनच २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात, म्हणजे सुमारे ७८९ मिलिमीटर व्यासाचे. पहिल्या थारच्या तुलनेत उत्पादकाने स्वतःच चाक पाच सेंटिमीटरहून अधिक वाढविले आहे. त्याला कोणी बेकायदा म्हणत नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. चाक वाढविताना ब्रेक, सस्पेन्शन, गियर, स्टिअरिंग, गाडीची रुंदी या सर्वांची नव्याने जुळणी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक चाचणीत गाडीस चार तारे मिळाले. मोठे चाक हा स्वतः गुन्हा नाही, हे यावरून उघड होते. प्रश्न चाचणीचा आहे. कारखान्याने जे तपासून केले ते मेस्त्री न तपासता करतो. कायदा मात्र मेस्त्रीला ‘तपासून कर’ असे सांगत नाही. ‘करूच नको’ असे सांगतो, आणि नंतर पाठ फिरवतो.

अन्य देशांनी हा तिढा कसा सोडविला, हे पाहणे उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियात आडरानात हिंडणाऱ्या गाड्यांची संख्या मोठी आणि अंतरे अफाट. तेथे हलक्या वाहनांतील फेरफारांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. राज्याराज्यांत तपशील थोडे वेगळे असले, तरी सर्वसाधारण धोरण असे की, ५० मिलिमीटरपर्यंतची उंची मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर वाढवावी, त्यापलीकडे अधिकृत अभियंत्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि उंची फारच वाढवायची असेल तर गाडी वेगात एका मार्गिकेतून दुसरीत नेण्याची चाचणी उत्तीर्ण करून दाखवावी. जर्मनीत तांत्रिक तपासणी संस्थेचा अभियंता गाडी पाहतो आणि मान्य केलेला बदल वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवितो. वाटेत अडविणाऱ्या पोलिसाला नजरेने अंदाज बांधावा लागत नाही. कागदावर टायरचे माप असते, ते चाकावरील मापाशी ताडून पाहिले की झाले. दोन्ही देशांत हौस मारली गेलेली नाही, तिला माप लावले गेले आहे.

भारतात हे शक्य नाही, असे म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही वाट आपण एका बाबतीत आधीच चोखाळली आहे. पेट्रोलवरील गाडी गॅसवर चालवायची तर इंधनाची टाकी, नळ्या, इंजिनाची जोडणी असे केवढे तरी फेरफार करावे लागतात. ते कलम ५२ च्या अपवादात बसविले गेले. मान्यताप्राप्त संच, तो बसविणारा अधिकृत कारागीर आणि नोंदणीपत्रातील नोंद अशी रीतसर साखळी तयार झाली. उच्च दाबाचा गॅस गाडीत ठेवणे हे दोन इंच उंचीपेक्षा कमी धोक्याचे काम आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. संच तपासणाऱ्या संस्थाही येथे आहेत. पुण्यातील एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून काम करीत आहे; इंदूरजवळ पिथमपूर येथे वाहने वेगाने पळवून पाहण्यासाठी ११ किलोमीटरहून लांब धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. ज्या शहरातील टेकडीवर देशातील गाड्यांना मान्यतेचे दाखले मिळतात, त्याच शहराच्या गॅरेजांत बिनदाखल्याच्या स्प्रिंगा विकल्या जाव्यात, हा योगायोग पुणेकरांना बोचावयास हरकत नाही.

यासाठी संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. २०१९ च्या ज्या दुरुस्तीने कैदेची शिक्षा आणली, तिनेच कलम ५२ मध्ये आणखी एक परंतुक घातले. वाहनांतील बदलांसाठी तपशील, मान्यतेच्या अटी आणि जोडणीचे नियम केंद्र सरकारने ठरवावेत आणि त्यानुसार केलेल्या बदलामुळे उत्पादकाची हमी रद्द समजू नये, असा त्याचा आशय आहे. शिक्षेचे कलम सर्वांनी वाचले. हे परंतुक फारसे कोणी वाचले नाही. इंधनाबाबत नियम झाले. अपंग व्यक्तींसाठी वाहनात करावयाच्या बदलांची सोय त्याच दुरुस्तीत झाली, आणि ती योग्यच होती. टायर आणि उंची यांच्याबाबत मात्र मंत्रालयाची लेखणी थांबलेली आहे.

आक्षेप येतील आणि ते पोकळ नसतील. प्रमाणपत्र म्हटले की या देशात पहिली आठवण होते ती धुराच्या तपासणीच्या दाखल्याची. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये तो कसा मिळतो, हे दुचाकीवाल्या कोणालाही विचारावे. उंचीचे प्रमाणपत्रही तसेच विकले जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच दाखला गॅरेजने देता कामा नये. ज्याने काम केले त्यानेच ते तपासावयाचे, ही पद्धत कोठेच चालत नाही. दाखल्यावर अभियंत्याचे नाव व क्रमांक असावा आणि पुढे अपघात झाला तर तो चौकशीत जबाबदार धरला जावा. एवढे करूनही काही दाखले खोटे निघतील. परंतु आज शंभर टक्के बदल दाखल्याविना होत आहेत. खोट्या दाखल्यांच्या भीतीने दाखलाच नको म्हणणे हे चोरांच्या भीतीने कुलूपच न लावण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. अभियंत्याची फी, चाचणी, मोठ्या चाकास साजेसे ब्रेक, लांब नळ्या, वेगदर्शकाची दुरुस्ती हे सारे धरले की स्वस्तातील हौस महाग पडेल. पडू द्यावी. चाकांसाठी हजारो रुपये मोजणाऱ्यास ब्रेकसाठी पैसे नाहीत, हे म्हणणे ऐकून घेण्याची कोणासही सक्ती नाही. डोंगरातील शेतकरी, वनखाते, पुरात मदतीस जाणारी पथके यांची गोष्ट निराळी. त्यांना उंच गाडीची खरी गरज असते आणि कलम ५२ मध्येच विशिष्ट कारणासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. मेस्त्रीचा विचारही करावा लागेल. वडापच्या काळापासून पाटे बदलत आलेल्या माणसास एका आदेशाने गुन्हेगार ठरविण्यापेक्षा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि परवाना देणे शहाणपणाचे होईल. त्याच्या हाताला कौशल्य आहे. कोनमापकाची सवय मात्र नाही.

हा सारा अधिकार केंद्राचा असल्याने महाराष्ट्र सरकारला येथे शिफारशीपलीकडे फार काही करता येणार नाही, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. नियम केंद्राचा असला तरी गाडी उभी राहते ती राज्याच्या परिवहन कार्यालयासमोर. प्रत्येक जातीच्या गाडीचे मूळ टायर आणि मूळ उंची यांचा तक्ता उत्पादकांकडून मागवून निरीक्षकांच्या हाती देण्यास दिल्लीची परवानगी लागू नये. चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर मोजण्यास एक टेप पुरते, आणि टायरचे माप तर त्याच्या कडेवर ठसठशीत अक्षरांत छापलेले असते.